घरची ज्वारी

जालना, ४ फेब्रुवारी

स्वरा,

आशीर्वादाची ओळ मुद्दाम गाळली आहे. तुमच्या अहवालाच्या पहिल्या पानावरही जालनेकरांना शुभेच्छा आहेत, आणि पुढच्या पानांवर त्यांचं काय केलं आहे ते मी वाचलं.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. महापालिकेच्या सभागृहात सगळ्यांसमोर मी उभी राहिले आणि "हा अहवाल करणाऱ्यांनी जालन्यात कधी कोणाच्या घरी जेवून पाहिलं आहे का," असं विचारलं, ते तुला लागलं. लागायलाच हवं होतं. पण मी विचारलं ते अहवालाला. मंचावर माझी मुलगी बसली होती हा तिच्या नोकरीचा दोष. तू तशीच स्टेशनवर गेलीस. तुझ्यासाठी केलेली भरली वांगी मी दोन दिवस एकटीने संपवली. ते असो.

'सन २०४५ पर्यंत शहराला किती दुकानं लागतील आणि कुठे' हा तुमच्या पुण्याच्या कंपनीचा विषय. तुम्ही घरोघरी माणसं पाठवून विचारलं, काय विकत घेता, कुठून, किती. साबण, तेल, साखर, चहापत्ती, सगळ्याची उत्तरं मिळाली. धान्याचा प्रश्न आला की आमच्या वॉर्डातल्या बहुतेक बायकांनी सांगितलं, "विकत घेत नाही, घरचं येतं." तुम्ही ते उतरवून घेतलंत, टक्केवारी काढलीत, रंगीत आलेख केलात. निष्कर्ष असा की या भागाला सुट्या धान्याच्या दुकानांची गरज फारशी नाही आणि पुढे तर मुळीच राहणार नाही. सबब भुसार गल्ली उठवावी, तिथे व्यापारी संकुल बांधावं, तळमजल्यावर सुपरमार्केट, आणि धान्यवाल्यांना बायपासच्या पलीकडे जागा द्यावी.

मी अख्खी नोकरी पुरवठा खात्यात काढली. रेशन दुकानांची झडती घेत या जिल्ह्याचे धुळीचे रस्ते तुडवले. कोण काय खातं आणि काय खातो म्हणून सांगतं, हे मला तुझ्या संगणकाहून बरं कळतं. "घरचं येतं" ही माहिती नसते, ती अब्रू असते. गाव सोडून आलेल्या माणसाने ज्वारी विकत घेणं म्हणजे शेत गेलं, नाहीतर भावाने वाटा बुडवला, नाहीतर मुलाने टाकलं. हे कोणी दारात उभ्या असलेल्या अनोळखी पोराला सांगत नसतं.

तुमचा पोरगा आमच्या अंगणात आला तेव्हा मी आणि चतुराबाई शेंगा सोलत होतो. चतुराबाई म्हणजे मागच्या खोलीतली भाडेकरू. तू तिला पाहिलं आहेस, बियाण्याच्या गोदामात निवडायला जाते ती, घनसावंगीकडची. त्याने मला विचारलं. मी सांगितलं, भुसार गल्लीतल्या अप्पारावच्या दुकानातून, सुटी, लागेल तशी. मग तिला विचारलं. शेंगेवरची नजर न काढता ती म्हणाली, "आमाला काहून इकत लागल? लेक धाडतो. घरची जवारी हाय."

तिचा लेक भुजंग. सुनेशी पटेना म्हणून ती इथे आली, तेव्हापासून त्याने मूठभर दाणे पाठवलेले नाहीत. रेशनकार्ड गावात, त्याच्याच घरी. तिच्या नावचं धान्यही तोच उचलतो. गावात मात्र सगळ्यांना सांगितलं आहे की आईला डोळ्यांच्या दवाखान्यासाठी जालन्याला ठेवलंय. तीही तेच सांगते.

पोराने मोबाईलवर बोट टेकवलं आणि पुढच्या दाराला गेला. ते बोट चुकीच्या जागी टेकलं आहे. अहवाल दुरुस्त कर.

आई


जालना, २१ फेब्रुवारी

स्वरा,

तुझा निरोप मोबाईलवर आला. "आई, आराखडा भावनेवर होत नाही. पुरावा असेल तर हरकत दाखल कर. सुनावणी होते." छान. आईला उत्तर देताना सरकारी भाषा वापरायला तू कुठे शिकलीस ते मी विचारत नाही, कारण उत्तर मला माहीत आहे.

शेवटी तू एक प्रश्न मात्र बरा विचारला आहेस. गल्लीत तुमच्या माणसांनी ये-जा मोजली तेव्हा बायका धान्याच्या दुकानांत थांबताना दिसल्याच नाहीत, सरळ गिरणीत जात होत्या, ते कसं?

ते असं. बाई घरून पिठाचा डबा घेऊन निघते. झाकण घट्ट. बघणाऱ्याला वाटतं, दळण टाकायला चालली. डबा रिकामा असतो. अप्पारावचं दुकान आणि वसंताची गिरणी यांची भिंत एक आहे आणि त्या भिंतीत एक खिडकी आहे. बाई वसंताला नुसतं "नेहमीचं" म्हणते. वसंता खिडकीवर टकटक करतो, पलीकडून अप्पाराव ज्वारी मोजून देतो, ती थेट गिरणीत पडते, आणि बाई पीठ घेऊन घरी जाते. पिठावरून कोण ओळखणार ज्वारी कुठली? गिरणीच्या बाकावर बसलेल्या सगळ्याजणींना एकमेकींच्या डब्यांचं ठाऊक असतं. कोणी बोलत नाही. तुम्ही त्यांना 'दळणासाठी आलेले' या सदरात टाकलंत.

सुपरमार्केटात पिशवीतून आतलं दिसतं, आणि रांगेत मागे शेजारीण उभी असते. चतुराबाई तिथे पाऊल टाकणार नाही. बायपास ओलांडून जाण्याइतके गुडघे तिचे उरलेले नाहीत. मग ती काय खाणार?

तर पुरावा. मी गल्लीच्या आजूबाजूला दारोदार फिरले. शेजारच्या दैवशालाशी झालेलं बोलणं जसंच्या तसं देते, म्हणजे तुला अंदाज येईल.

"दैवशाला, सुनावणीला येऊन एवढंच सांगायचं, की धान्य या गल्लीतून घेते."

"आमी कुठं घेतो? आमचं अंकुशनगरहून पोतं येतं, भावाकडून."

"शेवटचं कधी आलं?"

"येतंय की."

"म्हणजे अजून वाटेतच आहे."

"ताराबाई, तुम्ही रिटायर झाल्या हे बराबर हाय, पर काही उद्योग करा ना. भजनाला तरी जा."

असं दहा घरी झालं असेल, की पंधरा, मोजायचं सोडून दिलं. कोणी चहा दिला, कोणी दिला नाही. शब्द सगळ्यांचे तेच. उरली चतुराबाई.

आई


जालना, १३ मार्च

स्वरा,

ती आली. काल सुनावणीला चतुराबाई माझ्याबरोबर आली आणि बोलली. तुला हवा होता तो पुरावा आता महापालिकेच्या टिपणात आहे.

सोपं नव्हतं. आठवडाभर मी तिच्यामागे होते. मी म्हटलं, खरं बोलण्यात कसली लाज? मिशनच्या शाळेत सिस्टर आम्हाला सांगायच्या, खोटं बोललेलं रात्री उशाशी येऊन बसतं. ती हसली. म्हणाली, "माह्या उशाशी लई जन बसत्यात, बाई. अजून एक बसंल." मग म्हणाली, "लाज माही न्हाई. माहं काय, मी आज हाय, उद्या न्हाई. लाज लेकाची हाय. त्याला त्या गावात राहाचं हाय."

मी म्हटलं, तिथे गावचं कोणी नसणार. अधिकारी, लिहून घेणारा आणि आपण.

"आन मी बोलले तर गल्ली राहील का?"

"राहील," मी म्हटलं.

ती उठली आणि साडी बदलायला आत गेली.

सभागृहात हरकतदार बसले होते, बहुतेक प्लॉटवाले. अप्पाराव मागे उभा होता. आमचा पुकारा झाल्यावर मी थोडक्यात मांडलं. तुला खोटं वाटेल, पण मी थोडक्यात मांडलं. मग ती उठली. अधिकारी म्हणाले, "आजी, बसून बोला." ती बसली नाही.

"मी जवारी इकत घेते," ती म्हणाली. "घरची येत न्हाई. लेक धाडत न्हाई. तवा त्या पोराला मी खोटं सांगितल्तं. मी डबा रिकामाच नेते, आन आमच्या गल्लीतल्या लई जनी रिकामाच नेतात. गल्ली गेली तर आमी कुटं जावं?"

कुठूनसा एक वार्ताहर आला होता, तो मोबाईल धरून पुढे आला. अधिकाऱ्यांनी स्वतः पेन उचलून लिहून घेतलं, "नोंद घेतली" म्हणाले. निवृत्त झाल्यापासून मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी दोन चहा सांगितले. तिने कप हातात धरला, पण प्यायली नाही. पदर कपाळावरून इतका पुढे ओढला होता की तोंड दिसत नव्हतं. मी म्हटलं, अहो, तुम्ही मोठं काम केलंत. ती म्हणाली, "चला घरला." थकली असेल.

तू आता कंपनीत हे वर मांड. आता तुला पुरावा नाही असं म्हणता येणार नाही.

आई


जालना, २८ मार्च

स्वरा,

तू विचारलंस, वार्ताहराला कोणी बोलावलं. मी. तो वार्ताहर म्हणजे बबलू, त्याला मी फोन केला होता. बातमी आली की अधिकारी विसरत नाहीत, हे मी नोकरीत शिकले. मागच्या पत्रात 'कुठूनसा' लिहिलं, त्यातली लपवाछपवी तुला पुण्यात बसून कळली, तर गल्लीतली गिरणी का कळली नाही?

बातमी छापून आलीच नाही. आला तो व्हिडिओ. गोदाकाठच्या, गंगथडीच्या गावागावांत फिरला. "जालन्यात आजीने मुलाचं पितळ उघडं पाडलं," असं वर लिहून.

परवा सकाळी भुजंग आला. मी दांडगा, आरडाओरडा करणारा माणूस धरून बसले होते. बारकासा आहे, पांढरे कपडे, डोक्याला टोपी. चप्पल बाहेर काढून आत आला.

"मावशी, तुमचं नाव लई ऐकलं," म्हणाला. "व्हिडिओ पाह्यला का तुम्ही? आमच्या गावात सगळ्यायनं पाह्यला. माही पोरगी शाळेतून रडत आल्ती."

"दाणे पाठवले असतेस तर ती बोललीच नसती," मी म्हटलं.

"धाडले असते. तिनं कधी मागितले?"

"आईने मागायचे असतात?"

तो अगदी शांतपणे म्हणाला, "मावशी, तुमची पोरगी पुण्याला हाय म्हणे. तुम्ही मागता का तिला काही?"

त्याला घराबाहेर काढायला पाहिजे होतं. मी काढलं नाही.

मागच्या खोलीत चतुराबाईचं बोचकं आधीच बांधलेलं होतं. त्याने बांधायला सांगितलं नव्हतं. दोन लुगडी, एक गोधडी, तांब्या. पिठाचा डबा तिने कोपऱ्यात तसाच ठेवला. मी दारात आडवी उभी राहिले आणि म्हटलं, तुम्हाला जायचं नसेल तर कोणी नेऊ शकत नाही, कायदा आहे. ती म्हणाली, "सरका, बाई."

तो बोचकं उचलताना म्हणाला, "आता घरचंच खाईल. गावानं पाहावं." जीप नाक्यावर उभी होती. तिने मागे वळून बघितलं नाही. मी मात्र जीप दिसेनाशी होईपर्यंत उभी होते, आणि दैवशाला तिच्या खिडकीतून माझ्याकडे बघत होती.

आई


जालना, १८ मे

स्वरा,

तू कंपनीत भांडून धान्याचा प्रश्न पुन्हा विचारायला लावलास. वेगळ्या शब्दांत, बाई माणूस पाठवून, घरात बसून, नाव न लिहिता. हे मी इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने मला ते सांगता येणार नाही. काम नीट केलंस.

आता त्याचं काय झालं ते ऐक. आकडे तुझ्याकडे आले असतील, मी दारांतलं सांगते.

चतुराबाईचं काय झालं हे सगळ्या वॉर्डाला माहीत आहे. तुमच्या कंपनीची मुलगी वहाणा काढून दारात येते न येते तोच बायका सांगत होत्या, "घरचं येतं." मागच्या वेळी हळू सांगत होत्या, यावेळी शेजारी ऐकू जाईल अशा. दैवशालाने तर ओसरीवर भरलेलं पोतं आणून ठेवलं होतं. मी बोट खुपसून पाहिलं, आत जुन्या गोधड्या होत्या. तिने माझा हात झटकला आणि म्हणाली, "तुमच्यामुळं म्हातारी गेली. आता आमच्या घरात बोटं घालू राह्यल्या का?"

तुझा दुसरा निष्कर्ष पहिल्याहून पक्का निघाला. आमची हरकत 'एकमेव व वैयक्तिक स्वरूपाची' म्हणून फेटाळली. मला कागद मिळाला आहे.

पण गल्ली त्याआधीच मेली. व्हिडिओत चतुराबाईने रिकाम्या डब्याचं सांगितलं ना, तेव्हापासून डबा घेऊन निघालेल्या प्रत्येक बाईकडे रस्ता बघतो. भरलाय की रिकामा? टारगट पोरं तर "आजी, झाकण उघडा" म्हणतात. बायका यायच्या बंद झाल्या. वसंताने गिरणी विकायला काढली. अप्पारावने दुकानाला कुलूप लावलं. मी त्याला म्हटलं, आपण अपिलात जाऊ, मी अर्ज लिहिते.

"नको, ताराबाई," तो म्हणाला. "माह्या बापाच्या टायमापासून ती खिडकी चालत होती. काहून चालली? कोणी बोललं न्हाई म्हणून चालली."

"मी गल्ली वाचवायलाच बोलले."

"ते खरं हाय. महापालिकेनं आमाला वर्ष दोन वर्ष दिलं असतं. तुम्ही बिलकुल टाइम दिला न्हाई."

अर्जासाठी नेलेला कोरा कागद मी घडी करून पिशवीत ठेवला. असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही, हे तू कबूल करशील.

आसपासच्या बायका आता काय करतात ते मला कळत नाही. मला कोणी सांगत नाही. दैवशालाकडे अलीकडे संध्याकाळी भाकरी थापल्याचा आवाज येत नाही, नुसता भाताचा कुकर वाजतो.

आई


जालना, १५ जून

स्वरा,

काल घनसावंगीच्या पुढे चतुराबाईच्या गावाला जाऊन आले. अंबडपर्यंत बस, पुढे जीप. माझ्या वयाच्या बाईने अशा जीपमध्ये बसू नये, हे तू लिहिण्याआधीच मी लिहिते.

भुजंगचं घर रस्त्यालगत आहे. ओसरीवर ज्वारीच्या पोत्यांची थप्पी, दारातून आत येणाऱ्याला आधी तीच दिसावी अशी. त्याने मला ओळखलं, खुर्ची दिली, आणि लगेच म्हणाला, "पाहा मावशी. सगळी तिचीच हाय. कोणीबी येऊन पाहावं." ओसरीवर आणखी दोन माणसं बसली होती; त्यांच्याकडे बघून तो हे बोलला. मला वाटतं, येणाऱ्या प्रत्येकाला तो हे दाखवत असावा. ज्वारी इतकी उघड्यावर ठेवली तर किडे लागतील. नोकरीतली सवय, मनात आलं, बोलले नाही.

चतुराबाई मागच्या पडवीत बसली होती. मी बाजूला बसेपर्यंत तिने मला ओळखलं नाही, किंवा ओळखल्याचं दाखवलं नाही. दंडावरची वाकी कोपरापर्यंत उतरली आहे. मी विचारलं, गोदामात तुमची जागा अजून आहे, येता का? ती म्हणाली, "रस्त्यावर जाऊ देत न्हाई. लोक इचारत्यात, म्हणून." तक्रारीचा सूर नव्हता. हवा सांगावी तसं सांगितलं.

मग म्हणाली, "गल्ली राह्यली का?"

रस्ताभर मी या प्रश्नाचं उत्तर तयार केलं होतं. अपील, मुदत, पुढच्या वर्षीचं पाहू.

"नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. चेहऱ्यावर काही बदललं नाही. तिला कोणीतरी आधीच सांगितलं असेल, किंवा तिला सभागृहातच कळलं असेल. त्या दिवशी तिने चहा का घेतला नाही, हे मी आता विचारू शकत नव्हते.

सून राजनंदिनी ताट घेऊन आली. भाकरी, पिठलं, कांदा. तिने सासूच्या समोर ठेवलं आणि जरा मोठ्याने म्हणाली, "आत्या, जेवा. पाव्हण्यायनं पाहू द्या." बाकीचं तिने सासूला डोळ्यांनी सांगितलं. ती आत गेली.

चतुराबाईने ताट माझ्याकडे सरकवलं.

"तुमीच खा, बाई. माह्या घशाखाली जात न्हाई."

"किती दिवस?"

"सकाळी ताकाचं पाणी पेते. तेवढं जातं. थोडं सावकाश खा, म्हंजे दोघीनं खाल्लं वाटंल."

मागच्या दारात भुजंग येऊन उभा राहिला होता. ताटाकडे बघत होता, आईकडे नाही. मी न खाता उठले असते तर ते ताट तिच्यापुढे तसंच राहिलं असतं, आणि मी गेल्यावर त्याचं तिला काय ऐकावं लागलं असतं ते मला कळत होतं. तिला माझ्याकडून एवढंच हवं होतं, आणि एवढंच मला देता येत होतं.

मी दोन्ही भाकरी खाल्ल्या, स्वरा. सावकाश. ज्वारी चांगली होती.

आई